खमंग की करपट?

चांगली इंग्लिश पोर्टर बीअर काळी नसते. टेबलावर ठेवलेली काळी दिसते खरी, पण पेला उचलून दिव्यासमोर धरला की कडेकडेने लालसर तपकिरी उजेड झिरपतो. पाकाला आलेल्या गुळाचा असतो तसा. वरचा फेसही शुभ्र नसतो, फिका बदामी असतो. परीक्षक एवढं पाहतो, कागदावर टिपतो आणि लगेच पुढे जातो, कारण पन्नास गुणांच्या पत्रिकेत दिसण्याला जेमतेम ३ गुण आहेत. वासाला १२, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. ही पत्रिका ‘बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ या १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेची. हौशी मंडळींनी घरी बनवलेल्या बीअरच्या स्पर्धा अनेक देशांत हिच्याच आधारे पारखल्या जातात.

रंगाला इतके कमी गुण ठेवले आहेत ते योग्यच. डोळा नाकाला सहज फसवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेला फ्रान्समधल्या बोर्दो इथला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळून. या मुलांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनसाठी राखून ठेवलेल्या शब्दांत केलं. काळ्या बीअरच्या बाबतीत आपलंही असंच होतं. काळी म्हणजे कडक, हे आपण चाखण्याआधीच ठरवून टाकतो. प्रत्यक्षात पारंपरिक इंग्लिश पोर्टरमध्ये अल्कोहोल साधारण ४ ते ५.४ टक्के, म्हणजे नेहमीच्या सोनेरी लागरच्या आसपासच. अल्कोहोल येतं साखरेतून आणि रंग येतो भाजणीतून. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत.

भाजणी हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. बीअरचा पाया म्हणजे माल्ट, आणि माल्ट म्हणजे काय हे नाचणीचं सत्त्व करणाऱ्या कोणत्याही घरात वेगळं सांगावं लागत नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची. बार्लीचंही तेच करतात. मोड फुटू लागले की दाण्यातली विकरं म्हणजे एन्झाइम्स जागी होतात आणि नंतर गरम पाण्यात तीच पिठाची साखर करतात. या साखरेवर पुढे यीस्टचं पोट भरतं. पण त्याआधी मोड आलेला दाणा उष्णता देऊन थांबवावा लागतो, आणि ही उष्णता किती, कशाची आणि किती वेळ, यावर बीअरचं सारं व्यक्तिमत्त्व ठरतं.

कोरड्या उष्णतेत साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जातात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याने १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेले शेंगदाणे, कांदा-खोबऱ्याचं वाटण यांतला वास प्रामुख्याने तिचाच. तिच्यातून मेलनॉइडिन ही तपकिरी द्रव्यं तयार होतात, आणि पायराझिनांसारखी सुवासिक संयुगंही. दाणा २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवत राहिलं की ही सुवासिक द्रव्यं मागे पडतात, कोळशाचा कडूपणा पुढे येतो. अलीकडच्या वासाला मराठीत खमंग म्हणतात, पलीकडच्याला करपट. पोर्टरचा परीक्षक पेला नाकाशी नेतो तेव्हा त्याला हाच निवाडा करायचा असतो. बिस्किट, टोस्ट, कोको, टॉफी, थोडा सुकामेवा, मागे बीअरला कडूपणा देणाऱ्या इंग्लिश हॉपचा मातकट, फुलांसारखा वास, हे सगळं हवं. राख नको. जळक्या कॉफीचा उग्र दर्प नको. लंडनच्या फुलर्सची पोर्टर याचा चांगला नमुना मानतात. तिच्यात ब्राउन, क्रिस्टल आणि चॉकलेट असे वेगवेगळ्या भाजणीचे माल्ट असतात. ‘चॉकलेट’ हे फक्त रंगावरून पडलेलं नाव. त्यात चॉकलेट नसतं.

लंडनच्या पाण्याचाही यात वाटा आहे. चुनखडीतून येणारं हे पाणी बायकार्बोनेटमुळे अल्कलीधर्मी. फिक्या माल्टबरोबर ते नीट जमत नाही, कडूपणा खरखरीत लागतो. गडद भाजलेला माल्ट मात्र आम्लधर्मी असतो. तो हा अल्कलीपणा मारतो आणि विकरांना मानवेल असं मिश्रण तयार होतं. लंडनच्या बीअर गडद होण्याला विहिरींचं रसायनही कारण होतं, पण ते समजायला रसायनशास्त्राला आणखी बराच काळ लागायचा होता.

ही बीअर पुढे आली १७२० च्या दशकात. पोर्टर म्हणजे हमाल. लंडनच्या गल्ल्यांत आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्यांची ही आवडती, म्हणून हे नाव. १७२२ साली राल्फ हारवूड नावाच्या माणसाने ती एका दिवसात शोधून काढली, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आहे. तिला भक्कम पुरावा नाही. खरं असं की लंडनमध्ये आधीपासून असलेली तपकिरी बीअर हळूहळू घडत गेली. तिचा माल्ट लाकडाच्या आगीवर सुकवलेला असे, त्यामुळे धुराची छटा येई, आणि ती छटा निवावी म्हणून बीअर महिनोन्‌महिने मुरवत. आधी पिंपांत, मग मोठमोठ्या लाकडी हौदांत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यूक्स कंपनीचा २२ फूट उंचीचा असाच एक हौद फुटला आणि शेजारच्या गरीब वस्तीत शिरलेल्या पोर्टरच्या लोंढ्यात ८ जणांचा जीव गेला. पोर्टर हा तोवर कारखानदारी धंदा झाला होता. व्हिटब्रेड कंपनीने तर १७८५ मध्येच जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन बसवलं होतं. ते इंजिन आज सिडनीच्या संग्रहालयात आहे.

पण पोर्टरची चव सर्वांत जास्त बदलली ती एका साध्या काचेच्या-धातूच्या उपकरणाने, असं मला वाटतं. द्रवात तरंगणारा घनतामापी. त्याच्यावरून माल्टच्या काढ्यात किती साखर उतरली ते कळतं. जॉन रिचर्डसन याने १७८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि बीअरवाल्यांच्या हाती हिशेब आला. हिशेब धक्कादायक होता. ज्या तपकिरी माल्टवर पोर्टर उभी होती, तो फिक्या माल्टच्या मानाने बरीच कमी साखर देत होता. भाव जवळपास तोच आणि उतारा कमी. बीअरवाले फिक्या माल्टकडे वळले. पैसे वाचले, पण पोर्टरचा रंग गेला आणि चवही गेली. गेलेला रंग परत आणायला जाळलेली साखर आली. आणि कडूपणा, झिंग भरून काढायला काही जणांनी याहून वाईट मार्ग धरले.

त्यातला एक मार्ग आपल्या किनाऱ्यावरून जात होता. मलबारच्या आणि सह्याद्रीच्या रानांत काकमारीचा वेल होतो. त्याच्या फळांत पिक्रोटॉक्सिन हे मज्जासंस्थेवर आघात करणारं विष असतं, म्हणूनच मासे भोवळून वर यावेत यासाठी ती पाण्यात टाकत आले आहेत. हीच फळं ‘कॉक्युलस इंडिकस’ या नावाने लंडनला जात आणि पातळ पोर्टरला कडू व मादक करायला तिच्यात पडत. फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली अन्नातल्या भेसळीवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यात बीअरमधल्या या भेसळीवर त्याने कोरडे ओढले आहेत. आणि उलट दिशेने, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींसाठी इंग्लंडहून पोर्टरची पिंपं हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत होती.

१८१६ च्या ब्रिटिश कायद्याने माल्ट आणि हॉपखेरीज काहीही घालण्यावर बंदी आणली. कागदोपत्री काकमारी गेली, तशी जाळलेली साखरही गेली. मग पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनिएल व्हीलर याने फिरत्या दंडगोलात माल्ट भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजतात तसा हा प्रकार. या काळ्या माल्टची चिमूट पुरे, सगळी बीअर गडद. कायद्याची अट पाळली गेली आणि रंग परत मिळाला. पण चिमटीने आणलेला काळेपणा आणि ब्राउन माल्टने सावकाश आणलेला तपकिरीपणा यांत फरक आहे. आज जगभर पोर्टर या नावाने जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं करपट बाजूला झुकलेलं असतं, पातळ केलेल्या स्टाउट या काळ्या बीअरसारखं. माझ्या मते ती पोर्टरची हानी आहे.

जुन्या पोर्टरमध्ये आणखी एक चव होती. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत निल्स क्लाउसेन याला मुरवलेल्या इंग्लिश बीअरमध्ये एक वेगळं यीस्ट सापडलं. त्याने नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’. लाकडी हौदांत सावकाश वाढणारं हे यीस्ट चामड्यासारखा, घोड्याच्या पागेसारखा वास आणतं. मुरलेल्या इंग्लिश बीअरची ओळखच या वासात आहे, असं क्लाउसेनचं म्हणणं. आजच्या इंग्लिश पोर्टरमध्ये तोच वास आला तर दोष म्हणून गुण कापले जातात.

दोष ओळखणं ही परीक्षकाच्या शिक्षणातली कठीण बाजू. लोण्याचा वास आला तर डायअॅसिटिल. यीस्टला आणखी काही दिवस दिले असते तर त्याने ते परत गिळलं असतं. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, हाही बहुधा घाईचा दाखला. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेतल्या ऑक्सिजनचा. उन्हात ठेवलेल्या बाटलीत हॉपच्या कडू द्रव्यातून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला झोंबतं. बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी.

एक दोष ओळखण्यात मात्र मराठी माणसाला जन्मजात सोय आहे. इंग्रजी बोलणारे नवखे परीक्षक कडू आणि तुरट यांत सतत घोटाळा करतात. आपल्याकडे षड्रसांत तुरटाला स्वतंत्र जागा आहे. हिरडा, सुपारी, कच्चं जांभूळ यांनी ती लहानपणीच पक्की होते. विज्ञानही दोन्ही वेगळे धरतं. कडू चव जिभेवरच्या खास ग्राहींकडून कळते, आणि माणसात असे सुमारे २५ प्रकार आहेत. तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आवळतं. पोर्टरमध्ये कडू हवं, मध्यम. तुरट लागली तर बार्लीची सालं जास्त गरम पाण्यात उकळून निघाली असावीत, जास्त उकळलेल्या चहासारखी.

जिभेचा तो नकाशा मात्र विसरा. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू, हे शाळेत शिकवलं गेलं ते १९०१ सालच्या एका जर्मन प्रबंधाच्या चुकीच्या वाचनातून. सर्व मूळ चवी जिभेच्या सगळ्याच भागांत कळतात. कोको, टॉफी, टोस्ट हे तर जिभेचं कामच नाही. घोट गिळल्यावर श्वास सोडताना घशामागून वास नाकात चढतो आणि मेंदू त्याला चव म्हणतो. म्हणून बीअरचे परीक्षक वाइनवाल्यांसारखं थुंकत नाहीत, लहान घोट गिळतात. पोर्टरही फार थंड घेत नाहीत. १० ते १३ अंशांच्या आसपास वास मोकळा होतो.

परीक्षेच्या टेबलावर लिहून होईपर्यंत कुणी बोलत नाही. शेजाऱ्याने ‘कॉफी’ म्हटलं की आपल्यालाही कॉफी येऊ लागते. थोड्या नमुन्यांवरून खरं काय ते कसं ठरवायचं, हा प्रश्न विल्यम गॉसेट याला पडला तोही डब्लिनमध्ये, स्टाउट आणि पोर्टर बनवणाऱ्या गिनेस कंपनीत. १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलेली टी-चाचणी आज औषधांपासून बियाण्यांपर्यंत सगळीकडे वापरतात. चव तपासायची त्रिकोणी चाचणीही बीअरच्याच कारखान्यांत वाढली: तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा.

ती घरी करून पाहा, बीअरची गरज नाही. शेंगदाणे दोन घाण्यांत भाजा, दुसरा घाणा एक-दोन मिनिटं जास्त. बारीक कूट करा, तीन वाट्यांत घ्या, डोळे बांधा आणि घरातल्या कुणाला तरी वाट्या फिरवायला सांगा. एकदा नुसतं, एकदा नाक चिमटीत धरून. एकदा ओळखलंत म्हणून थांबू नका, कारण अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनांत एक असते. सलग पाच वेळा ओळखलंत तर ती २४३ मध्ये एक इतकीच उरते.