सदतिसावं नाव

बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाचं दुसरं पुस्तक संपत आलं की तेविसाव्या अध्यायात एक यादी लागते. माणसांची नावं, बापांची नावं, गावांची नावं. चर्चमध्ये शास्त्रवाचन करणारे अशा ठिकाणी आवाज जरा खाली आणतात आणि पुढे सरकतात. पण ही यादी दावीद राजाच्या शूर वीरांची आहे आणि शेवटी हिशेबही दिलेला आहे: एकंदर ३७.

हिब्रू भाषेत या वीरांना ‘गिब्बोरीम’ म्हणतात. काळ इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या आसपासचा. दावीद खरंच होऊन गेला का, यावर विद्वानांचा बराच खल चालला होता. १९९३ मध्ये उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथल्या उत्खननात इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला एक अरामी शिलालेख सापडला, त्यावर ‘दावीदाचं घराणं’ अशी अक्षरं निघाली. घराणं होतं, हे तेव्हापासून बहुतेकांनी मान्य केलं. वीरांच्या पराक्रमाला मात्र बायबलबाहेरचा साक्षीदार नाही, आणि बायबलमधलेही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. यादीतल्या पहिल्या वीराने एका वेळी ८०० जण लोळवले असं शमुवेलाच्या पुस्तकात आहे. ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात ते ३०० होतात. वीरकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या की एवढं व्हायचंच.

या सगळ्याची सुरुवात अगदीच बेताची होती. शौल राजा जिवावर उठला म्हणून तरुण दावीद अदुल्लामच्या गुहेत लपला, तेव्हा त्याच्याभोवती सुमारे ४०० माणसं गोळा झाली. ती कोण होती हे बायबल आडपडदा न ठेवता सांगतं: अडचणीत सापडलेले, कर्जबाजारी, मनातून कडवटलेले. म्हणजे सावकाराला चुकवून आलेल्यांचा जथाच म्हणायचा. याच माणसांचं पुढे सैन्य झालं.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पाण्याची. दावीद गुहेच्या आश्रयाला, आणि त्याच्या जन्मगावी, बेथलेहेमात, शत्रूचं, म्हणजे पलिष्ट्यांचं, ठाणं बसलेलं. सुगीचे, म्हणजे उन्हाचे दिवस. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की वेशीजवळच्या त्या विहिरीचं पाणी कोणी आणून दिलं तर किती बरं होईल. हुकूम असा नव्हताच. पण तीन वीर उठले, जवळपास वीस किलोमीटरची डोंगरवाट चढून गेले, पलिष्ट्यांची छावणी फोडून त्यांनी पाणी शेंदलं आणि परत आणलं. दावीदाने ते प्यायलं नाही. अर्घ्य द्यावं तसं त्याने ते देवापुढे जमिनीवर ओतलं. जीव धोक्यात घालून गेलेल्या माणसांचं हे रक्त आहे, ते मी कसं पिऊ, असं त्याचं म्हणणं.

प्रवचनात बहुधा तिघांच्या निष्ठेचं कौतुक होतं आणि तिथेच गोष्ट आटोपते. दावीदाची बाजू त्यात राहून जाते. तिघांनी जीव पणाला लावला, आणि त्या जिवाची किंमत आपल्या तहानेपेक्षा मोठी आहे हे नेत्याला कळलं. जुन्या करारात यासाठी ‘हेसेद’ हा शब्द येतो. मराठी बायबल त्याचं भाषांतर पुष्कळदा ‘दया’ असं करतं, पण त्यात दिलेल्या शब्दाला जागणंही येतं, आणि ते दोन्ही बाजूंनी.

बसोर ओहोळाचा प्रसंग याच मापाचा. अमालेकी टोळ्यांनी दावीदाच्या माणसांचं सिकलाग गाव जाळून बायकामुलं पळवली, तेव्हा दावीदाचीच माणसं दुःखाने त्याला दगडमार करायला निघाली होती. तरीही सहाशे जण पाठलागावर गेले. दोनशेंचे पाय ओहोळाशी थकले. ते तिथे सामानापाशी थांबले. लूट घेऊन परतल्यावर काही जण म्हणाले, जे लढले नाहीत त्यांना वाटा कशाला? दावीदाने निवाडा दिला की लढणारा आणि सामान राखणारा, दोघांना सारखाच हिस्सा. तो इस्राएलात कायदा होऊन बसला.

पुढे हेब्रोनमध्ये दावीदाला राजा करायला सगळे वंश जमले. त्यांच्याआधीच त्याला येऊन मिळालेल्यांत शौलाचेच भाऊबंद, बन्यामिनी, होते. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी गोफण आणि बाण चालवणारे. जबुलून वंशाच्या ५०,००० लोकांचं वर्णन करताना हिब्रू मजकूर म्हणतो की त्यांच्यात ‘मन आणि मन’ नव्हतं. दुटप्पीपणासाठी याहून नेमका शब्द सापडणं कठीण. शेजारच्या वंशांनी गाढवं, उंट, खेचरं, बैल यांच्यावर लादून पीठ, अंजिराच्या ढेपा, मनुका, द्राक्षारस आणि तेल आणलं, आणि तीन दिवस पंगती उठल्या.

ही एकी एका रक्ताची नव्हती. वीरांच्या यादीत अम्मोनी आहे, हित्ती आहे. इतिहासाच्या पुस्तकात मवाबीही आहे. गथ हे तर गल्याथाचं गाव, आणि तिथला इत्तय नावाचा परदेशी सरदार नुकताच ६०० माणसांसह आला होता. अबशालोमने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा दावीदाने त्याला परत जायला सांगितलं. इत्तयने ऐकलं नाही. जगणं असो वा मरण, मी तुमच्याबरोबर, म्हणाला. अबशालोमशी झालेल्या लढाईत एक तृतीयांश सैन्य त्याच्या हाताखाली होतं.

ख्रिस्ती मंडळ्यांना हे सगळं आजही लागू पडतं, कारण फुटीचा रोग पहिल्या शतकापासूनचा आहे. करिंथमध्ये मी पौलाचा, मी अपुल्लोसचा, मी केफाचा असे गट पडले होते. उलटं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. त्यामागे चार दशकांच्या वाटाघाटी होत्या. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे, दोघांनाही नव्या चर्चमध्ये जागा मिळाली. बसोरचाच न्याय म्हणा. मेथडिस्टांच्या एका मोठ्या शाखेने मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर अंग काढून घेतलं.

आता यादीच्या शेवटाकडे. सेनापती यवाबाचं स्वतंत्र नाव तिच्यात नाही. त्याचे भाऊ आहेत, त्याची शस्त्रं वाहणारा आहे, तो नाही. आणि सदतिसावं, अखेरचं नाव आहे उरीया हित्ती. राब्बाच्या वेढ्यावरून दावीदाने त्याला बोलावून घेतलं आणि घरी जायला सांगितलं, कारण त्याची बायको बथशेबा दावीदापासून गरोदर होती. उरीया गेला नाही. सोबती उघड्यावर असताना आपण घरी कसं निजायचं, म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी नोकरांत झोपला. मग दावीदाने यवाबाला पत्र लिहिलं: याला घनघोर लढाईत पुढे ठेवा आणि मागे सरा. पत्र न्यायला दिलं ते उरीयाच्याच हाती.

तहानेचं पाणी ओतणारा तोच हा माणूस. या कृत्याचे परिणामही घरातूनच आले. त्याच यादीत एलीयाम आहे, अहीथोफेलाचा मुलगा. आणि बथशेबाच्या बापाचं नावही एलीयामच. दोघे एकच असतील, तर दावीदाचा हुशार सल्लागार अहीथोफेल बंडखोर अबशालोमला का मिळाला, हे वेगळं सांगायला नको.

यादी तयार करणाऱ्याने उरीयाचं नाव गाळलं नाही. मत्तयानेही नाही. नव्या कराराच्या पहिल्याच अध्यायात, येशूच्या वंशावळीत, दावीदाचा मुलगा शलमोन याच्या आईचं नाव बथशेबा असं येत नाही. तिथे ती उरीयाची बायको आहे.