गाण्याला जन्मठेप

काटोलच्या शाळेंत मीं मुलांकडून पोवाडे पुष्कळ म्हणवून घेतले. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, गाण्यापायीं कोणाला काळें पाणी होतें काय?"

झालें आहे. १९०९ च्या जूनमध्यें नाशिकच्या बाबाराव सावरकरांना 'लघु अभिनव भारतमाला' ही पद्यमाला प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. राजद्रोहाचें १२४-अ कलम होतेंच. पण जन्मठेप दिली ती १२१ खालीं, राजाविरुद्ध युद्धाला चिथावणी दिली म्हणून!

हायकोर्टांत न्यायमूर्ति चंदावरकर म्हणाले कीं, देवांचीं व शिवाजीमहाराजांचीं नांवें हें केवळ निमित्त. खरा उपदेश तलवार उचलण्याचा. अर्थ त्यांनीं बरोबर ओळखला, हें मीही मान्य करीन. परंतु पुढें असें ठरलें कीं, चिथावणीनें युद्ध घडलेंच पाहिजे असें नाहीं, चिथावणी पुरे. कायद्याची ही पायरी मला भयंकर वाटते. इथें गाणें आणि हत्यार यांतलें अंतरच उरत नाहीं.

त्याच २१ डिसेंबरला नाशिकच्या नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्या कान्हेऱ्यांच्या मनांत ही शिक्षा सलत होती.

बाबाराव अंदमानांतून १९२१ सालीं परत आले. सुटले १९२२ सालीं.