हवा इथलीच, माणसंही इथलीच

सातपुड्यातल्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात रुग्ण अजूनही झोळीतून खाली येतो. लांब बांबू, त्याला बांधलेलं लुगडं किंवा घोंगडी, दोन्ही टोकांना खांदा देणारे दोघे आणि आत कण्हणारी बाळंतीण. वाटेत नाला लागला की खांदे बदलतात. वर्तमानपत्रांनी या झोळीला ‘बांबूलन्स’ म्हटलं. नाव गमतीचं वाटतं, पण त्या वाटेवर मरण आलेल्या बायांच्या घरी ते कुणी हसून उच्चारत नसेल.

इतकं चालून रुग्ण ज्या दारात पोहोचतो, त्या दारामागे काय असतं? ग्रामीण रुग्णालय टिकतं कशावर? खान्देशाने अलीकडच्या काळात या प्रश्नाची दोन उत्तरं दिली. एक अभिमानाचं, दुसरं शरमेचं.

आधी अभिमानाचं. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. आदिवासीबहुल, डोंगराळ, कुपोषणाच्या बातम्यांमुळेच राज्याला ठाऊक असलेला हा जिल्हा. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा जिल्ह्यात द्रवरूप ऑक्सिजनचा प्रकल्प नव्हता. जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारुड. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबात जन्मलेले, मुंबईत एमबीबीएस करून 2013 मध्ये प्रशासकीय सेवेत आलेले. पहिली लाट ओसरल्यावर अनेक ठिकाणी खाटा आवरल्या गेल्या. नंदुरबारने मात्र सप्टेंबर 2020 मध्ये मिनिटाला 600 लिटर क्षमतेचं पहिलं ऑक्सिजन यंत्र बसवलं होतं. दुसऱ्या लाटेआधी त्यात भर पडली. एका यंत्राला सुमारे 85 लाख रुपये लागले. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निवारणाचा निधी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी एकत्र करून हा पैसा उभा राहिला.

हे यंत्र बाहेरची हवा ओढतं, दाबतं, कोरडी करतं आणि झिओलाइटच्या बारीक खड्यांनी भरलेल्या टाकीत सोडतं. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. पहिली टाकी नायट्रोजन सोडून मोकळी होईपर्यंत दुसरी काम करते. रुग्णाला मिनिटाला 10 लिटर लागतात असं धरलं, तर 600 लिटरचं एक यंत्र एका वेळी 60 जणांचा श्वास चालवतं. द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशाला साठवावा लागतो आणि तो टँकरने दुरून येतो. एप्रिल 2021 मध्ये राज्य त्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. नाशिकमध्ये 21 एप्रिलला टाकीला गळती लागली आणि पुरवठा तुटून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवसांत नंदुरबारमध्ये ऑक्सिजन रुग्णालयाच्या आवारातच तयार होत होता.

मला मात्र यंत्रापेक्षा मोठी वाटते ती ‘ऑक्सिजन नर्स’. तिचं काम एवढंच, की खाटेखाटेजवळ जायचं, बोटाला यंत्र लावून पातळी बघायची आणि गरजेपुरताच प्रवाह ठेवायचा. रुग्ण जेवायला बसला, बाथरूमला गेला की मास्क उशीवर पडून राहतो आणि ऑक्सिजन खोलीभर वाया जातो. तेव्हा चावी फिरवून तो बंद करणारा हात म्हणजे ही नर्स. ‘नंदुरबार पॅटर्न’ म्हणून राज्याने याची दखल घेतली.

आता शरमेचं उत्तर. जळगावला 2018 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जून 2020 मध्ये तिथल्या रुग्णालयातून 82 वर्षांची एक कोरोनाबाधित आजी बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आलं. इमारत होती, खाटा होत्या, पदव्या होत्या. पण आठ दिवसांत त्या दाराकडे एकही नजर वळली नाही. नंदुरबारच्या नर्सचं मोल कळण्यासाठी जळगावचं ते दार आठवावं लागतं.

ही नजर गावातूनच उभी करता येते, हे महाराष्ट्राने जगाला आधीच दाखवलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना त्यांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. प्राथमिक आरोग्यसेवेचा आल्मा-आटा जाहीरनामा त्यानंतर आठ वर्षांनी, 1978 मध्ये आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. 2005 पासून देशभर उभ्या राहिलेल्या आशा ताई याच वाटेवरच्या. झोळी पाड्यावरून उतरते तेव्हा बहुतेकदा आशा ताईच सोबत चालत असते.

शासकीय निकषाने डोंगराळ आणि आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं, सपाटीवर 30 हजारांमागे. हा निकष केंद्रं मोजतो. रात्री दोन वाजता तिथे कोण जागं आहे, हे त्यात येत नाही. यंत्राचंही तसंच. कोरोनाकाळात देशभर हजाराहून अधिक ऑक्सिजन यंत्रं बसली. पण गाळणी वेळेवर बदलली नाही, ओलावा आत शिरला, की झिओलाइट निकामी होतं. वीज गेली आणि जनित्रात डिझेल नसलं, की 85 लाखांचं यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. देखभालीच्या या खर्चाला कोनशिला नसते. म्हणून त्यासाठी निधीही सहज मिळत नाही.

या दिवाळीत तुमच्या गावच्या रुग्णालयासाठी कुणी देणगी मागायला आलं, तर जरूर द्या. मात्र नवी खोली, नवं यंत्र याआधी तीन प्रश्न विचारा: यंत्र चालवायला गावातलं कुणी शिकलंय का? पुढच्या पाच वर्षांच्या गाळण्यांचा आणि डिझेलचा पैसा बाजूला ठेवलाय का? रात्रपाळीच्या नर्सचा पगार दर महिन्याला होतो का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ मिळाली, तर ते रुग्णालय टिकेल. एक जरी ‘नाही’ आलं, तर तुमची देणगी त्याच कामाला लावायला सांगा.