हरण्याआधीच तयार ठेवलेली सबब

"डॉक्टर, या वेळी साखर जास्तच येणार बघा. भाचीचं लग्न होतं. पथ्य काही झालं नाही."

मधुमेहाच्या ओपीडीत बसणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य पाठ असते. रक्त अजून काढलेले नसते, अहवाल यायचा असतो. सबब मात्र आधीच टेबलावर येऊन बसलेली असते. लग्न नसेल तर गणपती असतात, गणपती नसतील तर गावची जत्रा असते. बरीच वर्षे या वाक्यावर माझे एक ठरलेले व्याख्यान असे. एचबीए१सी ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, दोन दिवसांच्या जेवणावळीने ती एवढी चढत नाही, वगैरे. रुग्ण मान डोलवत. आणि त्यांतले काही पुढच्या वेळी येतच नसत.

माणसे असे का करतात, याचे मला पटलेले उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडले नाही. ते सापडले एका टेनिस प्रशिक्षकाच्या लिखाणात. मी स्वतः कधी रॅकेट धरलेली नाही. पण मुलगी शाळेत असताना टेनिस खेळायची आणि तिचे सामने बघायला मी जात असे. चार-एक अशी आघाडी असताना तिचा खेळ अचानक कोसळायचा आणि बाहेर आल्यावर घोटा दुखत असायचा. घरी पोहोचेपर्यंत घोटा बरा झालेला असायचा. तेव्हा एका सहकाऱ्याने अ‍ॅलन फॉक्स यांचे पुस्तक वाचायला दिले. १९७९ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे नावच प्रश्नार्थक आहे: 'इफ आय अ‍ॅम द बेटर प्लेअर, व्हाय कान्ट आय विन?' म्हणजे, खेळ माझा चांगला, तर मग मी हरतो का?

खेळाडू, मानसशास्त्रज्ञ, प्रशिक्षक

फॉक्स यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. १९३९ मध्ये जन्मलेले फॉक्स लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले आणि तिथल्याच संघातून खेळले. अमेरिकेत कॉलेजचे टेनिस ही मोठी गंभीर गोष्ट असते. १९६० मध्ये त्यांनी राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत दुहेरीचे आणि १९६१ मध्ये एकेरीचे विजेतेपद मिळवले. अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात त्यांची निवड झाली. १९६५ मध्ये ते विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले.

पण त्यांचा सर्वांत नवलाचा पराक्रम १९६६ चा. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन स्पर्धा रॉय इमर्सनने, फ्रेंच टोनी रोशने, विम्बल्डन मानुएल सांतानाने आणि अमेरिकन स्पर्धा फ्रेड स्टोलने जिंकली होती. लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत फॉक्स यांनी या चौघांनाही हरवून विजेतेपद घेतले. तेव्हा ते पदव्युत्तर शिक्षण घेत होते. पुढे त्यांनी मानसशास्त्रात पीएच.डी. केली.

नंतर कॅलिफोर्नियातील मालिबू येथील पेपरडाइन विद्यापीठाच्या पुरुष संघाचे ते प्रशिक्षक झाले. १९९५ पर्यंत, सतरा वर्षे, त्यांनी ते काम केले. मोठमोठ्या विद्यापीठांच्या मानाने पेपरडाइन लहान. तरीही त्यांचा संघ १९८२ आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. दोन्ही वेळा हरला. त्यांच्या हाताखालच्या रॉबी वाइसने १९८८ मध्ये एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

व्यावसायिक टेनिसमध्ये सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूला काही सांगणे अनेक दशके निषिद्ध होते. कॉलेजच्या सामन्यात मात्र प्रशिक्षक कोर्टावर जाऊन, बाजू बदलताना खेळाडूशी बोलू शकतो. शेजारशेजारच्या कोर्टांवर सहा-सहा एकेरी सामने रंगलेले आणि मधून फिरणारा माणूस मानसशास्त्र शिकलेला! विशी-बाविशीची मुले दडपणाखाली काय काय करतात, हे सतरा वर्षे इतक्या जवळून बघायला मिळणे ही संशोधकाला हेवा वाटावा अशी गोष्ट होती.

अनिश्चितता सोसवत नाही

फॉक्स यांचे म्हणणे थोडक्यात असे. टेनिसला घड्याळ नसते. फुटबॉलमध्ये दोन गोलची आघाडी असेल तर वेळ काढून सामना जिंकता येतो. टेनिसमध्ये कितीही पुढे असा, शेवटचा गुण स्वतःच जिंकावा लागतो. तोपर्यंत मागे पडलेला खेळाडू परत येऊ शकतो. त्यातून कोर्टावर तुम्ही एकटे. हार झाली तर ती वाटून घ्यायला कोणी नाही. ज्या निकालाची आपल्याला मनापासून किंमत आहे, तो शेवटपर्यंत टांगलेला राहतो. ही टांगणी मनाला असह्य होते आणि मन तिच्यातून सुटण्याच्या वाटा शोधू लागते.

या वाटा ठरलेल्या आहेत. कोणी चिडून रॅकेट आपटतो. कोणी पंच, वारा, ऊन यांना दोष देतो. कोणाचा घोटा दुखू लागतो. कोणी घाईघाईने फटके मारून सामना एकदाचा उरकून टाकतो. आणि कोणी प्रयत्न करणेच सोडतो. कारण प्रयत्न न करता हरलो तर 'मी खेळलोच नव्हतो' असे म्हणता येते. जीव ओतून हरलो तर म्हणायला काही उरत नाही. या प्रत्येक वाटेने त्या क्षणी ताण कमी होतो. बदल्यात जिंकण्याची शक्यता दिली जाते. सौदा तोट्याचा असतो, पण तो आपण केला हे करणाऱ्याला कळतही नाही.

यात लबाडी नसते, हे मला वैद्य म्हणून आवर्जून सांगावेसे वाटते. धोका जाणवला की मेंदूतून निघालेल्या संदेशाने अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात येते. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात. बिबट्या समोर आला तर पळायला हे उत्तम. पण दुसरी सर्व्हिस हळुवार टाकायला किंवा तोंडी परीक्षेत उत्तर आठवायला अडचणीचे. थोडा ताण उपयोगाचा असतो, जास्त झाला की काम बिघडते आणि काम जितके नाजूक तितके ते लवकर बिघडते, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. शरीर असे पेटलेले असताना त्यातून सुटावेसे वाटणे नैसर्गिक आहे.

सबब आधीच तयार ठेवण्याच्या सवयीवर बर्ग्लास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही कोडी सोडवायला दिली. काहींची कोडी सुटण्याजोगी होती, काहींची सुटणारीच नव्हती. पण सगळ्यांना सांगितले, तुम्ही फार छान केलेत. मग दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितले: एक बुद्धी तल्लख करणारे, दुसरे मंद करणारे. आपल्याला यश कसे मिळाले हे ज्यांना उमगले नव्हते, अशा मुलग्यांनी मोठ्या प्रमाणात मंद करणारे औषध निवडले! आता कमी गुण पडले तर दोष औषधाचा. कौतुक झालेली प्रतिमा शाबूत.

हे वाचताना मला माझी ओपीडी दिसू लागली. भाचीचे लग्न हेच ते औषध.

गुरुजींचे डोळे

माझ्याकडे येणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांना आम्ही गुरुजीच म्हणतो. बारा वर्षांचा मधुमेह. मधुमेही माणसाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो आणि लघवीतील प्रथिनाची चाचणी करायची असते. कारण डोळा आणि मूत्रपिंड दोन्ही सुरुवातीला तक्रार करत नाहीत. नजर मंदावते किंवा पायाला सूज येते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. वेळेत कळले तर लेझरने, इंजेक्शनने नजर टिकवता येते; रक्तदाब ताब्यात ठेवून आणि योग्य गोळ्या देऊन मूत्रपिंडाची घसरण मंदावता येते.

गुरुजी दोन वर्षे डोळे तपासणे टाळत होते. एकदा चष्मा हरवला होता, एकदा नातवाची परीक्षा होती. "पेपर वाचता येतो की मला, मग कशाला?" एका दुपारी माझा संयम सुटला आणि बाकावरच्या दहा-बारा रुग्णांसमोर मी त्यांना सुनावले. चाळीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला मी उभे केले. त्यानंतर ते चौदा महिने आले नाहीत.

आले तेव्हा डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके दिसत होते. नेत्रविभागात तपासणी झाली, लेझर उपचार सुरू झाले. उजव्या डोळ्यात बदल थोडे होते. त्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, "तपासलं नाही तोवर काही नसतंच ना, डॉक्टर." दोन वर्षांची सगळी कारणे या एका वाक्यात होती. निकाल टांगलेला सोसण्यापेक्षा त्यांनी सामनाच खेळायचा नाही असे ठरवले होते. आणि माझ्या व्याख्यानाने ताण वाढवून त्यांना बाहेरची वाट दाखवली होती.

सगळेच रुग्ण भीतीपोटी चुकतात असे नाही, हे इथेच सांगायला हवे. ज्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, ज्याची एसटी दिवसातून दोनदाच आहे, त्याच्या कारणाला सबब म्हणणे हा अन्याय होईल. पण गुरुजींचे घर रुग्णालयापासून पंधरा मिनिटांवर होते.

प्रशिक्षकाकडून शिकलेले

मग फॉक्स काय करायला सांगतात? पहिली गोष्ट, भावनेला हुकूम करू नका. भीती वाटू नये असे ठरवून ती जात नाही. पण भीती वाटत असताना पाय हलवणे, पुढचा फटका ठरवणे हे हातात असते. दुसरी, अनिश्चितता मान्य करा. हरण्याची शक्यता आहे हे कबूल केले की पळण्याची गरज कमी होते. तिसरी, दोन गुणांमधला वेळ वापरा. टेनिसच्या सामन्यात चेंडू खेळात असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो खेळात नसतो, आणि बिघाड त्याच वेळात होतो. पाठ फिरवा, श्वास सावकाश सोडा, पुढच्या गुणाचा बेत ठरवा. यातल्या श्वासाला शरीरशास्त्राचाही आधार आहे: उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूद्वारे हृदयाची गती किंचित उतरते.

पेपरडाइनमध्ये त्यांच्या संघातून खेळलेला ब्रॅड गिल्बर्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीचा उपविजेता ठरला. त्याच्या फटक्यांचे कौतुक कोणी करत नसे. तरी तो पुढे जगात चौथ्या क्रमांकावर गेला, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले आणि नंतर आंद्रे अगासीचा प्रशिक्षक झाला. त्याच्या पुस्तकाचे नाव 'विनिंग अग्ली', म्हणजे दिसायला वेडेवाकडे, पण जिंकणे. हातात असेल त्या खेळानिशी शेवटच्या गुणापर्यंत टिकून राहणे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

माझ्या ओपीडीत मी तीन छोटे बदल केले. सबब ऐकली की व्याख्यान देत नाही. "बरं झालं सांगितलंत, आता आकडा काय येतो ते बघू" एवढेच म्हणतो. अहवाल वाईट आला तर पुढे काय करायचे, हे चाचणीच्या आधीच सांगतो, म्हणजे अज्ञात भीतीला निदान एक चेहरा मिळतो. आणि एका भेटीत एकच काम देतो. आहार, चालणे, वजन, गोळ्या, डोळे, पाय अशी यादी हातात दिली की रुग्ण सामना सोडतो; "पुढच्या मंगळवारपर्यंत फक्त डोळे दाखवून या" म्हटले की बहुधा येतो. सगळ्यांवर याचा उपयोग होतो असा दावा नाही. आमच्या गर्दीत दर वेळी मला हे जमतेच असेही नाही.

वाचकांनीही एकदा आठवून पाहावे: कोणती तपासणी आपण 'पुढच्या महिन्यात' म्हणून ढकलतो आहोत आणि त्यासाठी कोणते कारण तयार ठेवले आहे? कारण खरे असेल तर ते दूर करता येते. ते भीतीचे असेल, तर भीतीसकट रांगेत उभे राहता येते.

परवा, जानेवारीच्या शेवटी, गुरुजी आले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, या वेळी साखर जास्तच येणार बघा. संक्रांत होती, तिळाचे लाडू झाले."

मी काही बोलायच्या आत त्यांनी बाही वर केली. कोपराच्या खाचेत कापसाचा बोळा चिकटवलेला होता. "रक्त देऊनच आलोय," ते म्हणाले.