चित्राखालील अक्षरे

वेरूळच्या क्रमांक ३० ते ३४ या जैन लेण्यांचे दर्शन घेऊन यात्रेकरू डोंगरावरील भगवान पार्श्वनाथांकडे वळतात. सुमारे सोळा फूट उंचीच्या त्या बैठ्या मूर्तीच्या मुद्रेवर दृष्टी खिळते. आसनावरील लेखाकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. शके ११५६ मधील, म्हणजे इ. स. १२३५ चा हा लेख आहे. वर्धनापूरच्या घराण्यातील चक्रेश्वराने चारणाद्रीवर ही मूर्ती घडविली, असे तो सांगतो. त्यात चक्रेश्वराच्या आजोबांचे व वडिलांचे नाव आहे, आई स्वर्णा हिचेही आहे. ओळख म्हणून तेथे धनाचा आकडा कोरलेला नाही. दृढ श्रद्धा, दया आणि दान यांची नोंद आहे.

रूप आणि अक्षर शेजारी ठेवून ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची ही रीत कॅमेऱ्याच्या युगात निराळ्या हातांत गेली. मुंबईतील विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या रहिवाशांविषयी छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. पहिल्यात गुजरात, कच्छ व काठियावाडचे समाज होते, दुसऱ्यात महाराष्ट्राचे. माणसांची छायाचित्रे वेगळी घेऊन ती दुसऱ्याच दृश्यावर जोडली जात; सोबत त्या समाजाच्या चालीरीतींचे वर्णन असे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. छायाचित्र ज्याचे, त्याला खालचा मजकूर लिहिण्याचा अधिकार नव्हता. एका चेहऱ्यावरून साऱ्या समाजाचा स्वभाव ठरविला जाई.

आजचे काही कलावंत नेमक्या याच मजकुरावर बोट ठेवतात. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात जुन्या छायाचित्रांतील स्त्रियांचे वेष स्वतः धारण करून ती दृश्ये पुन्हा उभी केली. भारतात वाढलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनू पालकुन्नथु मॅथ्यू यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जुन्या छायाचित्रांशेजारी तशाच पवित्र्यातील स्वतःचे छायाचित्र ठेवले आणि दोहोंखाली ओळी लिहिल्या. ‘इंडियन’ हा एकच शब्द दोन परक्या समाजांना चिकटला, तो कोणी चिकटविला, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो. चित्र तेच राहते; अक्षरे बदलली की माणूस बदलल्यासारखा भासतो.

या विषयाचा धागा घरापर्यंत येतो. व्यापारी घराण्यांत रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. पै-पैची नोंद सापडते. छायाचित्रांच्या पेटीत मात्र पागोटे घातलेले गृहस्थ, डोईवर पदर घेतलेल्या स्त्रिया, दुकानाच्या पेढीवर बसलेली मुले निनावी पडून असतात. त्यांची नावे सांगू शकणारी आजी घरात असेपर्यंतच ती चित्रे बोलकी आहेत. त्यानंतर कोणीही परका त्यांखाली वाटेल ते लिहू शकेल.

चक्रेश्वराने आपल्या मातेचे नाव दगडावर कोरवून ठेवले, म्हणून आठ शतकांनंतरही ते वाचता येते. घरातील छायाचित्रामागे नाव, नाते, गाव आणि साल लिहिण्यास साधी पेन्सिल पुरेशी आहे.