चांद्यांतील एक दिवस

चंद्रपुरास येणारा पाहुणा बहुधा वाघासाठीं येतो. रात्रीं गाडींतून उतरावें, पहांटे ताडोबाची वाट धरावी आणि परस्पर निघून जावें, असा त्याचा क्रम. परंतु मंगळवारीं ताडोबाचें गाभ्याचें रान बंद असतें. दिवस रिकामा गेला म्हणून पाहुणा हळहळतो. वास्तविक जुना चांदा पाहावयाचा तो हाच दिवस.

आरंभ जटपुरा दरवाजापासून करावा. गोंड राजांच्या परकोटाला पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे आणखीही दरवाजे आहेत. अंचलेश्वराच्या देवळाजवळ, झरपट नदीच्या बाजूस, राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत देखणी वीरशहाची. ती त्याच्या राणीनें, हिराईनें, बांधविली. राजानें राणीसाठीं बांधलेला ताजमहाल शाळकरी मुलासही ठाऊक असतो. राणीनें राजासाठीं बांधलेली ही वास्तु मात्र गांवांतल्याच कित्येकांनीं पाहिलेली नसते! महाकालीचें देऊळही हिराईच्याच नांवावर सांगतात. चैत्रांत तेथें मराठवाड्याचे यात्रेकरू लोटतात.

लालपेठेंत प्रचंड शिलामूर्ति उघड्यावर पडलेल्या आहेत. रायप्पा नांवाच्या कोमट्यानें शिवालयासाठीं त्या घडविल्या म्हणतात. शिवालय उभें राहिलेंच नाहीं. दहा तोंडांच्या मूर्तीला लोक रावण समजतात. ती आहे देवी.

परकोट कित्येक वर्षें झुडुपांत बुडाला होता. २०१७ सालीं इको-प्रो संस्थेच्या तरुणांनीं कुऱ्हाडी-फावडीं घेऊन तो साफ करावयास घेतला. पाहुण्यानें उन्हें चढण्यापूर्वीं एखाद्या बुरुजावर जावें. चांद्याचें ऊन पाहुणा ओळखत नाहीं.