चर्चचा ऑर्गन आणि समूहगायन

ऑर्गन म्हटला कीं आपणांस संगीत नाटकांतला ऑर्गन आठवतो. तेथें पायांचें काम भाता मारण्यापुरतें. यूरोपांतील चर्चच्या मोठ्या ऑर्गनांत मात्र वारा शेंकडों नळ्यांतून वाहतो आणि वादकाचे पाय स्वतंत्र सूर वाजवितात. बरोक काळांतील बाखची (१६८५–१७५०) सी मायनरमधील ‘पासाकाग्लिया’ तर एकट्या पायांनींच सुरू होते. नुसत्या ध्वनिमुद्रिकेवरून हें कसें कळावें? १९२१ सालीं स्थापन झालेली नेदरलंड्स बाख सोसायटी आपल्या चित्रफिती महाजालावर विनामूल्य दाखविते. नवापुरांत बसून ते पाय आतां पाहतां येतात.

समूहगायनाचेंहि तसेंच. पुष्कळ सज्जन ‘हा गलबला’ म्हणून दोन मिनिटांत बंद करतात. आपल्या कानाला एका गायकाची संवय. येथें चार गळे चार वाटांनीं जातात. ‘फ्यूग’ या प्रकारांत एकानें घेतलेली स्वरावली दुसरा उचलतो, मग तिसरा. पहिला मात्र थांबत नाहीं. म्हणून प्रथम डोळ्यांची मदत घ्यावी. कोणत्या रांगेनें तोंड उघडलें तें पाहावें आणि तिच्याच मागें जावें. (शब्द जर्मन असले तरी अडत नाहीं, तराण्याचे शब्द तरी कोणास कळतात?) दुसऱ्या खेपेस खर्जांतल्या आवाजांवर कान ठेवावा. कधीं तेथें एकच सूर लांबत राहतो, वर बाकीचे हिंडतात, आणि तंबोऱ्याच्या षड्जाची आठवण होते.